राइज बॉल: उंची नव्हे, फिरकी शिका

विंडमिल पिचिंग थोडंफार अंगवळणी पडलं आणि फास्टबॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊ लागला, की प्रत्येक पिचरला एकच ओढ लागते: राइज कधी टाकायचा? ती ओढ साहजिक आहे. मांडीच्या उंचीवरून सुटलेला चेंडू बॅटरच्या छातीशी येतो, ती जीव लावून बॅट फिरवते आणि बॅट चेंडूच्या खालून मोकळी निघून जाते. सॉफ्टबॉलमध्ये याहून देखणा स्ट्राइक क्वचितच बघायला मिळतो.

पण शालेय किंवा महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये राइज म्हणून टाकले जाणारे चेंडू जरा नीट बघा. त्यातले बरेचसे नुसते उंच टाकलेले फास्टबॉल असतात. नवखी बॅटर त्यांना फसते, म्हणून पिचरचा आणि तिच्या सरांचा समज होतो की राइज जमला. पुढच्या फेरीत अनुभवी बॅटर समोर आली, की तोच चेंडू आउटफिल्डच्या डोक्यावरून जातो.

खरा राइज आणि उंच फास्टबॉल यांच्यातला फरक चेंडू किती वर गेला यात नसतो. तो कोणत्या दिशेने फिरत गेला यात असतो. म्हणून शिकायचा क्रमही तसाच हवा: आधी फिरकीची दिशा, मग वेग, आणि उंची सगळ्यांत शेवटी.

चेंडू खरंच वर चढतो का?

हे आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा सराव त्यावर उभा आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार महिलांच्या सामन्यात पिचिंग प्लेटपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असतं. पुरुषांसाठी ते ४६ फूट आहे. १२ इंच घेराच्या चेंडूचं वजन साधारण १७८ ते १९८ ग्रॅम भरतं. पिचरचं पाऊल सहा फुटांच्या आसपास पुढे पडतं असं धरलं, तर चेंडू प्रत्यक्षात ३७ फुटांवरून, म्हणजे सुमारे ११.३ मीटरवरून सुटतो. ताशी ९६ किलोमीटर वेगाने हे अंतर कापायला त्याला ०.४२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण कुठल्याही चेंडूला जवळपास ८५ सेंटिमीटर खाली ओढतं.

आता चेंडूला उलटी फिरकी, म्हणजे बॅकस्पिन द्या. चेंडूचा वरचा भाग पिचरकडे आणि खालचा भाग कॅचरकडे सरकत राहिला, की चेंडू मागची हवा खालच्या बाजूला वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडूवर वरच्या दिशेने जोर येतो. क्रिकेटमधल्या फिरकीचा चेंडू हवेत तरंगतो किंवा अचानक खाली येतो, त्यामागेही हाच मॅग्नस परिणाम असतो. मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांची स्वच्छ उलटी फिरकी असेल, तर या वेगाला हा जोर चेंडूच्या वजनाच्या साधारण ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ढोबळ हिशोबाने चेंडू ८५ ऐवजी ५० सेंटिमीटरच खाली ओढला जातो.

याचा अर्थ असा, की चेंडू वाटेत उडी मारत नाही. त्यासाठी वरचा जोर वजनापेक्षा जास्त हवा आणि तेवढी फिरकी माणसाच्या हाताला देता येत नाही. चेंडू कमरेखालून, वरच्या दिशेने सुटतो म्हणून जमिनीपासूनची त्याची उंची वाढत जाते. फिरकीमुळे तो अपेक्षेपेक्षा कमी पडतो, एवढंच. पण बॅटरला एवढंही पुरेसं घातक ठरतं. चेंडू सुटल्यावरच्या पहिल्या क्षणांतच ती तो कुठे येणार याचा अंदाज बांधते, आणि तिच्या डोळ्यांना सवय असते ती पडणाऱ्या चेंडूची. सॉफ्टबॉलच्या बॅटची जाडी सर्वांत जाड भागात सव्वादोन इंच, म्हणजे ५.७ सेंटिमीटर असते. अंदाज ३०-३५ सेंटिमीटरने चुकला तर बॅट चेंडूला शिवतही नाही.

२००४ साली एका प्रदर्शनी सामन्यात अमेरिकेच्या जेनी फिंचने आल्बर्ट पुहोल्ससारख्या बेसबॉलमधल्या नामांकित फलंदाजाला स्ट्राइक आउट केलं होतं. बेसबॉलमध्ये चेंडू खांद्याच्या वरून सुटतो आणि खाली उतरत येतो. आयुष्यभर त्या उताराला सरावलेल्या डोळ्यांना खालून वर येणाऱ्या चेंडूचा अंदाज घेणं किती अवघड जातं, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

वेग किती हवा?

वरचा हिशोब ताशी ८० किलोमीटरसाठी करून बघा. चेंडूला पोहोचायला ०.५१ सेकंद लागतात आणि गुरुत्वाकर्षण त्याला सव्वा मीटरपेक्षा जास्त खाली ओढतं. वेग कमी म्हणून हवेचा वरचा जोरही कमी. अशा वेळी उंची गाठायची तर चेंडू जास्त वर फेकावा लागतो, आणि प्लेटवर पोहोचेपर्यंत तो उतरायला लागलेला असतो. बॅटरला तर तेच हवं असतं.

म्हणून ताशी ८५ ते ९० किलोमीटरच्या आसपास पोहोचेपर्यंत सामन्यात राइजच्या मागे लागू नका. फिरकीचा सराव मात्र त्याआधीपासून करता येतो.

रडार गन नसली तरी वेग मोजता येतो. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेम्स ठेवून, बाजूने चित्रीकरण करा. चेंडू हातातून सुटल्यापासून प्लेटवरून जाईपर्यंतच्या फ्रेम्स मोजा. ११.३ मीटरसाठी १०० फ्रेम्स लागल्या तर सरासरी वेग ताशी सुमारे ९७ किलोमीटर. १२० लागल्या तर सुमारे ८१. पाऊल लहान पडत असेल तर अंतर त्या प्रमाणात वाढवून हिशोब करा.

आधी काय जमलेलं असावं

राइज हा पिचरच्या भात्यातला पहिला बाण नव्हे. क्रम साधारण असा असावा: फास्टबॉल, चेंज-अप, ड्रॉप आणि मग राइज. ड्रॉपला गुरुत्वाकर्षण मदत करतं, त्यामुळे त्याची फिरकी थोडी बिघडली तरी चेंडू पडतोच. राइजला गुरुत्वाकर्षणाशी झगडायचं असतं, म्हणून तिथे अर्धवट फिरकीला क्षमा नाही.

दहापैकी सात फास्टबॉल कॅचरने मागितलेल्या जागी पडत नसतील, तर अजून थांबा. हाताची फेरी, पाऊल आणि चेंडू सुटण्याची जागा रोज बदलत असेल, तर त्यावर नवं मनगट चढवून उपयोग नाही, जुनंही बिघडतं. १२ वर्षांखालच्या मुलींना आणि मुलांना तर राइज शिकवूच नये. त्यांचे हात लहान, मनगट कोवळं आणि वेग अपुरा असतो. तेरा-चौदाव्या वर्षानंतर, पायाभूत तंत्र पक्कं झालेल्या पिचरपासून सुरुवात करावी.

पकड

तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना चिकटून शिवणीवर आडवी ठेवा. अंगठा समोरच्या बाजूला, शक्य तर दुसऱ्या शिवणीवर. अनामिका आणि करंगळी दुमडून चेंडूच्या कडेला टेकवा. त्यांचं काम फक्त आधार देण्याचं. हात लहान असेल तर तीन बोटांची पकड घ्यायला हरकत नाही.

तर्जनीबाबत दोन पद्धती आहेत. काही पिचर ती सरळ ठेवतात. काही ती मधल्या पेरात वाकवून तिचं टोक शिवणीच्या कडेला रोवतात. वाकवलेल्या बोटाला चेंडू फिरवायला चांगला जोर मिळतो, पण सुरुवातीला ताबा कमी राहतो आणि बोट दुखतं. दोन्ही करून बघा, ज्यात फिरकी स्वच्छ येईल ती ठेवा. बोट वाकवणार असाल तर नख बारीक कापलेलं हवं.

चेंडू तळहातात गच्च बसवू नका. मध्ये थोडी फट राहू द्या. पकड जितकी आवळाल तितकं मनगट ताठ होतं आणि ताठ मनगटाने फिरकी येत नाही. शिवणी अशा ठेवा, की चेंडू फिरताना चारही शिवणी हवा कापत जातील.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. पकड नेहमी ग्लोव्हच्या आत घ्या. वाकवलेलं बोट बाहेरून दिसलं, तर समोरचा डगआउट दोन चेंडूंत ओळखतो की आता राइज येणार.

मनगट आणि बोटं: खरी मेख इथे आहे

इथून पुढचं वर्णन उजव्या हाताच्या पिचरसाठी आहे. डावखुऱ्या पिचरने आरशात बघितल्यासारखं उलट करावं.

फास्टबॉल टाकताना चेंडू सुटतो तेव्हा बोटं चेंडूच्या मागे असतात. राइजमध्ये ती चेंडूच्या खाली यायला हवीत. हात खाली येताना तळहात तिसऱ्या बेसकडे, म्हणजे तुमच्या उजवीकडे वळवा. नितंबाजवळ येईपर्यंत तळहात आकाशाकडे उघडू लागतो, बोटांची टोकं तिसऱ्या बेसकडे असतात आणि करंगळीची कड कॅचरकडे. याच स्थितीत हात चेंडूच्या खालून पुढे कापत न्या. चेंडूचा तळ कॅचरकडे ओढला जातो आणि माथा तुमच्याकडे फिरतो. हीच उलटी फिरकी.

नेमकी इथेच एक जुनी सूचना गोंधळ घालते. कित्येक प्रशिक्षक सांगत आले, की दाराची गोल मूठ फिरवावी तसं मनगट फिरवा. ऐकायला सोपं, करायलाही सोपं. पण मूठ फिरवताना हात चेंडूच्या बाजूने फिरतो, खालून जात नाही. मग चेंडू कॅचरकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरत जातो. याला बुलेट स्पिन म्हणतात. फिरकी भरपूर, आवाज छान, पण हवेचा वरचा जोर जवळपास शून्य. राइज येत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या पिचरच्या हाताचं चित्रीकरण केलं, तर बहुतेक वेळा हेच निघतं. त्यामुळे स्वतःला द्यायची सूचना बदला: “मनगट फिरव” असं म्हणू नका, “करंगळी पुढे, हात चेंडूखालून” असं म्हणा.

बाकीचं शरीर

मनगटाला खाली जायला जागा मिळावी, एवढंच शरीराचं काम आहे.

पाऊल फास्टबॉलपेक्षा किंचित लांब पडू द्या आणि पुढचा पाय ठाम रोवा. वजन त्या पायाच्या थोडं मागे राहू द्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली येतो, त्यामुळे चेंडूचा मार्ग आपोआप वरच्या दिशेने वळतो. कंबरेतून मागे वाकायचं मात्र नाही. तसं केलं की वेग मरतो, पाठ दुखते आणि चेंडू वर फेकला जातो.

चेंडू फास्टबॉलपेक्षा क्षणभर उशिरा, नितंबाच्या किंचित पुढे सुटतो. फार उशीर झाला तर तो बॅकस्टॉपवर जातो, लवकर सुटला तर खाली राहतो.

हात शरीराजवळून जाऊ द्या. तंत्र म्हणून तर हे हवंच, पण नियमही तेच सांगतो: हात शरीराच्या बाजूने पुढे जाताना पंजा नितंबाच्या खाली हवा आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून लांब नको. तळहात बाहेर वळवण्याच्या नादात नवख्या पिचरचा सगळा हातच बाहेर जातो आणि अंपायर इल्लीगल पिच देतात. मागचा पाय नव्या जागी रोवून तिथून पुन्हा जोर घेणं, म्हणजे क्रो हॉप, हेही नियमबाह्य आहे. जास्त जोर लावायच्या नादात राइजच्या वेळीच ते अधिक घडतं.

चेंडू सुटल्यावर हात वर जातो, पण तो परिणाम आहे, कारण नव्हे. हात उंच नेल्याने चेंडू वर जात नाही.

सरावाच्या पायऱ्या

साहित्य घरचंच पुरतं: एक जुना चेंडू, इलेक्ट्रिशियन वापरतात ती रंगीत चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकच्या बरणीचं एक झाकण.

*पहिली पायरी: पट्टीचा चेंडू.* चेंडूभोवती मधोमध एक पट्टी चिकटवा. हात चेंडू सुटण्याच्या जागी आणून थांबवा आणि त्या क्षणी पट्टी कॅचरच्या दिशेने उभी दिसेल अशी पकड लावा. आता उभ्या उभ्या, कोपर वाकवून, तळहात वर, बोटं बाहेरच्या बाजूला आणि करंगळी समोर ठेवून चेंडू फूट-दोन फूट वर उडवा. हात चेंडूखालून पुढे कापत न्या. पट्टी एकाच जागी उभी राहून तुमच्याकडे फिरत आली, तर फिरकी बरोबर. ती डुलत असेल तर अक्ष तिरका आहे. टीव्ही बघताना पलंगावर बसूनही हे करता येतं आणि जितकं कराल तितकं कमीच.

*दुसरी पायरी: झाकण.* झाकणाची कड बोटांवर ठेवून अंगठ्याने आधार द्या आणि तीन-चार मीटरवरच्या जोडीदाराकडे त्याच हालचालीने सोडा. फिरकी बरोबर असेल तर झाकण उभं, कड पुढे ठेवून जातं आणि जमिनीवर पडल्यावर थांबतं किंवा तुमच्याकडेच लोळत येतं. झाकणाची चपटी बाजू जोडीदाराकडे वळली, तर समजा की बुलेट स्पिन झाला. झाकण खोटं बोलत नाही, म्हणून शंका आली की या पायरीवर परत या.

*तिसरी पायरी: नुसतं मनगट.* जोडीदारापासून चार-पाच मीटरवर बाजूला वळून उभे राहा. हाताची पूर्ण फेरी नको; हात थोडा मागे नेऊन पट्टीचा चेंडू सोडा. दोघांनीही बघायचं: पट्टी उभी आहे का? दहापैकी आठ चेंडू स्वच्छ निघेपर्यंत अंतर वाढवू नका.

*चौथी पायरी: अर्धी फेरी.* हात डोक्यावर नेऊन तिथून खाली आणा. अंतर सात-आठ मीटर. इथे बहुतेकांची फिरकी बिघडते, कारण वेग वाढला की हात जुन्या सवयीने चेंडूच्या मागे जातो. बिघडली तर तिसऱ्या पायरीवर उतरा. त्यात कमीपणा नाही.

*पाचवी पायरी: पूर्ण फेरी, जाळीसमोर.* पूर्ण वेगाने टाका, पण समोर कॅचर किंवा प्लेट नको. स्ट्राइकची चिंता आली की पिचर फिरकी सोडून नेम धरायला लागतो. मागून मोबाइलवर चित्रीकरण करा आणि दर पाच चेंडूंनंतर बघा.

*सहावी पायरी: दोरी.* पिचर आणि प्लेट यांच्या मध्यावर दोन खांबांना दोरी बांधा, सुरुवातीला छातीच्या उंचीला. चेंडू दोरीखालून जाऊन कॅचरच्या हातात छातीच्या उंचीला पोहोचला पाहिजे. हळूहळू दोरी खाली आणा. चेंडू वर फेकायची खोड मोडायला दोरीसारखा गुरू नाही, कारण फेकलेला चेंडू मध्यावर नेहमीच जास्त उंच असतो.

आठवड्यातून तीन दिवस आणि एका वेळी पूर्ण वेगाचे २५-३० राइज पुरे. उरलेला वेळ फास्टबॉल आणि चेंज-अपला द्या. प्रत्येक सराव फास्टबॉलवर संपवा, म्हणजे नव्या मनगटाने जुनं तंत्र बिघडवलेलं नाही याची रोज खात्री होते. पहिल्या चार पायऱ्यांवरच काही महिने गेले तरी दचकू नका. या चेंडूला सहसा तेवढा वेळ लागतोच.

चूक कुठे होते आहे, हे कसं ओळखावं

चेंडू उंच जातो, पण प्लेटवर उतरतो: तुम्ही मागे वाकून तो वर फेकता आहात. पुढचा पाय ठाम करा, दोरीची पायरी घ्या.

चेंडू वेगाने येतो, पण सरळ राहतो: बुलेट स्पिन. झाकणाकडे परत.

चेंडू वर जाता जाता बाजूलाही पळतो: अक्ष तिरका आहे. हात चेंडूच्या खालून न जाता कडेने येतो आहे. वेग कमी करून तिसरी पायरी करा.

चेंडू कधी कॅचरच्या डोक्यावरून, तर कधी गुडघ्याशी: सुटण्याची जागा पक्की नाही. राइज बाजूला ठेवा आणि आठवडाभर फक्त फास्टबॉलची फेरी एकसारखी करा.

फिरकी उत्तम आहे, पण वेग फास्टबॉलपेक्षा बराच कमी: पकड आवळलेली आहे किंवा शेवटच्या क्षणी हात थबकतो आहे. तळहात आणि चेंडू यांच्यातली फट तपासा.

हात जपा

खालून टाकलेल्या चेंडूने हाताला काही होत नाही, हा समज चुकीचा आहे. विंडमिलमध्ये खांद्यावर आणि कोपरावर मोठा ताण येतो, आणि राइजच्या वळलेल्या मनगटामुळे हाताच्या पुढच्या भागातल्या स्नायूंवरच्या ताणाची त्यात भर पडते. कोपराच्या आतल्या बाजूला, मनगटाजवळ किंवा खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं, तर त्या दिवशी राइज बंद. दुखणं दोन-तीन दिवसांत गेलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. मलम चोळून सामन्यात उतरू नका.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला ३-१ ने हरवून सुवर्णपदक जिंकून दिलं. ही गोष्ट सॉफ्टबॉलच्या मैदानांवर कायम सांगितली जाते, आणि सांगावीच. पण उएनो तेव्हा २६ वर्षांची, पूर्ण वाढलेली, वर्षानुवर्षं घडलेली खेळाडू होती. एकाच दिवशी दोन-तीन सामने एकाच मुलीच्या हातावर ओढून नेण्याचा परवाना म्हणून शालेय संघांनी तो आकडा वापरू नये. क्रीडाशिक्षकांनी किमान दोन पिचर तयार ठेवायलाच हवेत.

सामन्यात कधी वापरायचा

राइज हा बहुतेक वेळा बॅटरला मोह पाडायचा चेंडू आहे. स्ट्राइक झोनच्या वरच्या कडेशी आलेला एक राइज आणि त्यानंतर त्याहून चार बोटं वर जाणारा दुसरा, ही जोडी दोन स्ट्राइक पडलेल्या बॅटरसमोर सर्वांत उपयोगी पडते. तिला बॅट फिरवावीच लागते. तीन बॉल पडलेले असताना मात्र हा चेंडू टाळा. शहाणी बॅटर तो सोडून देईल आणि चालत पहिल्या बेसवर जाईल.

बॅटर कोण आहे हे बघा. जी बॅट खालून वर फिरवते, तिला राइज खेळणं जड जातं. बंट मारायला उभी राहिलेली बॅटर वरच्या चेंडूवर सहज कॅच देते. पण तिसऱ्या बेसवर धावपटू आहे आणि दोनपेक्षा कमी आउट झालेत, अशा वेळी जपून. राइजवर उंच फटके जास्त निघतात, आणि आउटफिल्डमध्ये कॅच झाला तरी तिसऱ्या बेसवरची खेळाडू टॅग अप करून घरी येऊ शकते. शिवाय चेंडू कॅचरच्या हातून सुटला तर धाव फुकट जाते. तिथे जमिनीवरचा फटका काढून देणारा ड्रॉप बरा.

राइजचं मोल दुसऱ्या चेंडूंमुळे वाढतं. डोळ्यांच्या उंचीला एक राइज दाखवल्यावर लगेच गुडघ्याशी ड्रॉप किंवा चेंज-अप टाका. लागोपाठ चार राइज टाकले तर पाचव्याला बॅटर तयार असते.

वाऱ्याचाही विचार करा. समोरून, म्हणजे कॅचरकडून पिचरकडे वारा असेल तर चेंडूला हवेचा आधार जास्त मिळतो. पाठीमागून वारा असेल तर राइज सपाट होतो. त्या दिवशी तो कमी वापरा.

कॅचरला या सरावात पहिल्यापासून सामील करून घ्या. ग्लोव्ह आधीच वर नेला तर बॅटरला सुगावा लागतो, उशिरा नेला तर चेंडू निसटतो. ही वेळ फक्त एकत्र सरावानेच जमते.

चांगले राइज बघायचे असतील, तर उएनोच्या बीजिंगच्या अंतिम सामन्याचं आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याचं चित्रीकरण बघा. टोकियोतही जपानने अमेरिकेला २-० ने हरवलं. चेंडूकडे बघू नका. हात नितंबाजवळ येताना करंगळी कुठे आहे ते थांबवून थांबवून बघा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतो आहे आणि त्याचे सामने ओक्लाहोमा सिटीत होतील, तेव्हा बघायला नवे हातही मिळतील.

तयार झाला, हे कधी समजायचं?

स्ट्राइक आउट मोजून हे कळत नाही. सरावसामन्यात शेवटच्या दहा राइजचं काय झालं ते वहीत लिहा. बॅट खालून गेली, चेंडू बॅटच्या वरच्या कडेला लागून सरळ मागे जाळीवर गेला किंवा इनफिल्डमध्ये उंच उडाला, असं बहुतेक वेळा होत असेल तर फिरकी काम करते आहे. चेंडू सरळ रेषेत इनफिल्डच्या डोक्यावरून जात असतील, तर बॅटरला तो नेमका दिसतो आहे, म्हणजे तो अजून उंच फास्टबॉलच आहे. असे फटके दहात तीनपेक्षा जास्त निघाले, तर तुमच्या कॅचरला सांगून ठेवा: या स्पर्धेत राइजची खूण द्यायची नाही.